ब्रेकची पिन जाम झालीय का?

सिल्क बोर्डच्या गर्दीतून घरी आलात आणि कारचं एकच चाक जास्त तापलंय? (हात जवळ नेऊन पाहा, लावू नका!) त्या कॅलिपरची पिन जाम झालेली असू शकते. पिनेवरचं रबर फाटलं की पावसाचं पाणी आत जातं, ग्रीस संपतं, गंज धरतो. मग कॅलिपर सरकत नाही आणि एकाच बाजूचं पॅड भराभर झिजतं. ब्रेकही कमी लागतो.

गाडी जॅकवर उचललीत तरी स्टँड लावाच. कॅलिपर पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. पॅड काढून ठेवा, डिस्क झाका आणि पिनेवर गंज सोडवणारं तेल मारा. अर्धा तास चहा घ्या. लगेच हातोडा नको, ब्रॅकेट तुटलं तर खर्च वाढतो. पान्याने पिन थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवा. मोकळी झाली की फिरवतच ओढा. नाहीच हलली तर सरळ मेकॅनिककडे जा.

गंजलेली पिन परत घालू नका. जे. सी. रोडवर सुट्या भागांची दुकानं आहेत, रबरही नवंच घ्या. ग्रीस मात्र ब्रेकसाठीचं सिलिकॉनवालं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. शेवटी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा, मगच गाडी हलवा.