एअर गनची घर्रर्र

आपल्याकडे टायरवाल्याची परीक्षा एकच... एअर गन किती वेळ घर्रर्र वाजली! नट जितका घट्ट तितकी गाडी सेफ, असा बहुतेकांचा समज. मला हे अजिबात पटत नाही.

नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. त्या ताणामुळेच चाक हबवर दाबून बसतं. ताण कमी पडला तर नट हळूहळू सैल होणार. फार झाला तर स्टड कायमचा लांबतो, आटे जातात, कधीकधी ब्रेक डिस्कही वाकडी होते. म्हणून तर मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर. म्हणजे बघा, पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला 40 किलोचा जोर दिला की झाले जवळपास 100. त्याच पान्यावर 70 किलोचा माणूस उभा राहिला की 170! (आणि आट्यांना तेल लावू नका. तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.)

खरी गंमत रात्री एक्सप्रेसवेवर पंक्चर झाल्यावर कळते. गनने ठोकून बसवलेला नट डिकीतल्या आखूड पान्याने हलता हलत नाही, आणि शेजारून ट्रक सुसाट चाललेले...

तेव्हा टायरवाल्याला सरळ सांगा, गनने नट नुसते टेकव, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, तेही ओळीने नाही, समोरासमोरचे. तो हसेल. हसू दे! 50-100 किलोमीटरनंतर मात्र आपणच एकदा रेंच लावून बघायचा.