धीर देणारा कोण?

आमच्या बोईसरला हल्ली माणसे घाबरत नाहीत. ती ‘पॅनिक’ होतात. आणि अशा माणसाला कोणी धीर देत नाही. त्याला ‘कूल’ राहायला सांगतात. हा फरक केवळ फॅशनचा असता, तर दिवाळी अंकाची पाने त्यासाठी खर्ची घालण्याचे कारण नव्हते.

आधीच सांगून टाकतो, मी भाषाशुद्धीवाला नव्हे. सबुरी आणि हिंमत या दोघी अरबी मुलखातून फारसीच्या दारावरून आमच्याकडे आल्या आणि आज घरच्या लेकी होऊन बसल्या आहेत. स्टेशन आणि टेबल यांच्यावाचून माझे पान हलत नाही. परका शब्द आला म्हणून मी गळा काढणार नाही. तो येताना घरातल्या कोणाला बाहेर काढतो, एवढेच मी पाहतो.

काही वर्षांपूर्वी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगारांसाठी व्याख्यान होते. ओळखीने मीही जाऊन बसलो. मुंबईहून आलेल्या तरुण गृहस्थांनी फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहिले: काम, कूल, कंपोज्ड, कलेक्टेड. दडपणाखाली माणसाने कसे असावे, ते या चार शब्दांत आहे म्हणाले. त्यांचे बोलणे सफाईदार होते, हेतूही वाईट नव्हता. शेवटी मागच्या बाकावरचा एक वयस्क कामगार उठला आणि म्हणाला, “साहेब, ते सगळं बरोबर. पण वायू सुटला तर पळायचं कुठल्या बाजूला?” व्याख्याते हसून म्हणाले, “सर्वांत आधी, पॅनिक व्हायचं नाही.” सभा संपली, चहा झाला. कामगाराचा प्रश्न तिथेच राहिला.

त्या फळ्यावरचे शब्द अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. ‘कंपोज्ड’ म्हणजे नीट रचलेला, ‘कलेक्टेड’ म्हणजे विखुरलेले गोळा केलेला. माणूस जणू सामानाची पेटी आहे आणि ती त्याची त्यानेच आवरायची आहे. ‘कूल’ तर तापमानच सांगतो. आमच्याकडे डोके थंड ठेवावे म्हणतात हे खरे. पण ‘थंड माणूस’ ही काही स्तुती नव्हे, आणि थंड डोक्याने बहुधा खून होतात.

आता ‘धीर’ घ्या. धीर धरतात, धीर सुटतो, धीर खचतो. पण धीर देतातही. हा शब्द दोन माणसांच्या मध्ये उभा आहे. कोणी कोणाला ‘कूल’ देत नाही, ‘कंपोजर’ उसना आणता येत नाही. धीर मात्र शेजारीण देते, मेव्हणा देतो, दवाखान्यातली नर्स देते. मराठी माणूस “घाबरू नका” म्हणतो तेव्हा त्याचे वाक्य तिथे संपत नाही; “आम्ही आहोत” हे शब्द त्याला जोडूनच येतात. “पॅनिक होऊ नका” हे वाक्य मात्र तिथेच पूर्ण होते. पुढे कोणी काही देणे लागत नाही. घाबरणे हा घाबरणाऱ्याचा दोष ठरला की ज्याच्यामुळे तो घाबरला तो सुटलाच.

हा डाव जुना आहे. 1939 साली ब्रिटिश सरकारने ‘शांत राहा आणि काम चालू ठेवा’ या अर्थाची भित्तिपत्रके सुमारे साडेचोवीस लाख छापली. ती जवळजवळ लागलीच नाहीत. बहुतेकांचा लगदा झाला. 2000 साली एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि आज ते वाक्य चहाच्या कपांवर विकले जाते. त्याच मालिकेतले जे पत्रक भिंतींवर लागले, त्याचा आशय असा होता की तुमचे धैर्य आम्हाला विजय मिळवून देईल. धैर्य तुमचे आणि विजय आमचा, ही मेख लोकांनी तेव्हाच ओळखली आणि नाके मुरडली. इंग्रजी ज्यांची मायबोली, त्यांनाही हे शब्द वरून आले तेव्हा रुचले नाहीत. आपण मात्र तेच कप विकत घेतो.

कोणी म्हणेल, आपल्याकडे स्थितप्रज्ञ आहे, तो कोणाच्या आधाराने उभा असतो? बरोबर. पण तो शब्द जिथे उच्चारला गेला ती जागा आठवा. हातपाय गळालेल्या अर्जुनाला ‘शांत राहा’ एवढे सांगून कोणी निघून गेले नाही. अठरा अध्याय त्याच्या शंकांना उत्तरे दिली, आणि देणारा त्याच रथाचे लगाम धरून बसला होता.

आमच्या जिल्ह्यात लगाम कोणाच्या हातात असतात? नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. ऐन थंडीत माणसे घराबाहेर, तंबूत झोपली. 1 फेब्रुवारी 2019 रोजी धक्क्याच्या वेळी घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी बोईसरजवळच्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि आठ माणसे मेली. या माणसांचे ‘कंपोजर’ कमी पडले असे म्हणायची कोणाची छाती आहे? भोपाळला 1984 च्या डिसेंबरात त्या रात्री लोक वायूच्या लोटातूनच धावत सुटले. तोंडावर ओले फडके धरा, एवढेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांचे भय खोटे नव्हते. खोटे होते ते आधीचे मौन.

पालघरने धीर पाहिलेला आहे. 14 ऑगस्ट 1942 रोजी इथे गोळीबारापुढे पाच जण पडले. त्यांचा स्तंभ भर गावात उभा आहे. ते ‘कूल’ नव्हते, संतापलेले होते. भोवती गावोगावची माणसे होती, आणि आपण कशासाठी उभे आहोत हे त्यांना ठाऊक होते. धीराला एवढेच लागते.

म्हणून माझे मागणे शब्दकोशाकडे नाही. कारखान्याच्या दारावर आणि गावाच्या वेशीवर मराठीत लिहा की आत काय साठवले आहे, ते सुटले तर वारा पाहून कोणत्या रस्त्याने जायचे, मध्यरात्री कोणाला हाक मारायची. वारली पाड्यांवर जाऊन ते त्यांच्या बोलीत सांगा. एवढे केल्यावर आम्हाला खुशाल ‘पॅनिक होऊ नका’ म्हणा. इंग्रजीत म्हणालात तरी माझी तक्रार नाही. तोवर मात्र मागच्या बाकावरच्या त्या कामगाराचा प्रश्न मी पुन्हा विचारतो: साहेब, पळायचं कुठल्या बाजूला?