शीरखुर्म्यापलीकडे

मुसलमान कवीने अम्मीच्या शीरखुर्म्यावर कविता वाचली की दाद ठरलेली: ‘वा! मग ईदला कधी बोलावताय?’ कविता राहते बाजूला, दावत पक्की. त्याच कवीने ज्वारीच्या भाकरीवर लिहिलं, तर प्रश्न येतो, ‘तुमच्यातही भाकरी खातात?’ अहो, सोलापूर-लातूरकडच्या मुसलमान घरात दुसरं काय खाणार? शीरखुर्मा रमजान ईदचा; बाकी वर्षभर तवा भाकरीचाच. आणि कवितेत बड्याचं गोश्त आलं, तर मघाचे ‘वा’वाले इकडेतिकडे बघतात. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर तर कवी ती आठवणच गाळतो. अब्बांच्या आवडीचं सालन कवितेतही बेकायदा!

आपले उर्दूवालेही कमी नाहीत. नज़ीर अकबराबादीने रोटीवर नज़्म लिहिली, तर शेफ़्ताने आपल्या तज़किऱ्यात त्याला शायरांत मोजायलाच नकार दिला. का, तर त्याचे शेर बाजारातल्या लोकांच्या तोंडी! तीच नज़ाकत आजच्या मुशायऱ्यात आहे. इश्क़ चालतो, मसूरची दाल चालत नाही.

नारायण सुर्व्यांची भाकरी वर्गात शिकवताना कुणी मला पाककृती विचारत नाही. भूक, मजुरी, गिरणी यांवर बोलतात. अम्मीच्या भाकरीचं पीठ कुणाकडून उसनं आलं होतं, हेही कधी विचारा की.