आधी बाटली, मग गुण

जुन्या लाल बर्गंडीची तुलना करणाऱ्या टिपणांचा एक साचा ठरून गेला आहे. मळ्याचे नाव, उत्पादकाचे नाव, साल, चार-सहा गंध आणि शेवटी शंभरपैकी गुण. ही बाटली इतकी वर्षे कुठे होती, कोणाच्या हातून आली, उघडताना तिची अवस्था काय होती, याची नोंद त्यात क्वचितच सापडते. तीस वर्षांच्या पिनो न्वारच्या बाबतीत ही उणीव किरकोळ नाही. तिच्यामुळे बाकीचे सारे टिपण निरर्थक ठरू शकते. आपल्या व्यवसायाने ही सवय सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिनो न्वारच्या द्राक्षाची साल पातळ असते आणि तिच्यात रंगद्रव्ये कॅबर्ने किंवा शिराझपेक्षा कमी असतात. शिराझवर नजर तयार झालेल्या चाखणाऱ्याला जुनी बर्गंडी ग्लासात पडताक्षणीच थकलेली वाटते. कडेला विटकरी छटा, मधोमध फिकट लाल. हा दोष नव्हे. बाटलीत टॅनिन आणि रंगद्रव्ये हळूहळू एकमेकांना जोडली जातात, त्यांचे मोठे रेणू बनतात आणि त्यातला काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. रंग उतरतो, तुरटपणा मवाळ होतो. ताज्या चेरी-रासबेरीच्या जागी सुकलेला गुलाब, पावसात भिजलेला पाचोळा, अळंबी, चामडे असे गंध येतात. आंबटपणा मात्र फारसा घटत नाही. म्हणून जुन्या बर्गंडीत अजून किती जीव उरला आहे हे रंगावरून ठरवू नये. आंबटपणाचा ताठा आणि घोट गिळल्यानंतर चव किती वेळ टिकते, यावरून ते ठरवावे.

हा बदल किती वेगाने होतो ते बूच आणि साठवण ठरवतात. नैसर्गिक बूच एकासारखे दुसरे नसते. एखाद्यातून हवा थोडी जास्त शिरते, एखाद्यात ट्रायक्लोरोॲनिसोल असते आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. एका पेटीतले आंबे एकाच दिवशी पिकत नाहीत, तसेच एका पेटीतल्या बाटल्यांचे आहे. त्यात प्रवासाची भर पडते. बोनच्या थंड तळघरात पडून राहिलेली बाटली आणि उन्हाळ्यात मुंबईच्या साध्या गोदामात काही आठवडे काढलेली बाटली, दोन्हींवरचे लेबल एकच असते, पण वाइन एक राहत नाही. उष्णतेने वाइन प्रसरण पावते, बूच सरकते, कडेने वाइन झिरपते आणि फळाची चव शिजवल्यासारखी लागते. अशा बाटलीला कमी गुण देऊन आपण मळ्याला किंवा उत्पादकाला दोष देतो, तेव्हा तो अन्याय असतो.

दुसरा प्रश्न तुलना नेमकी कशाची, हा. क्लो द वूजो हा सिस्टर्शियन मठवासीयांनी भिंत घालून बंदिस्त केलेला मळा सुमारे 50 हेक्टरांचा. आज त्याचे जवळपास 80 मालक आहेत. वरचा उतार म्युझिनी आणि ग्राँ-एशेझोला भिडलेला आहे, तर खालचा भाग हमरस्त्यालगतच्या जड, ओलसर मातीत आहे. दर्जा मात्र सगळ्यालाच ग्राँ क्रूचा. दोन क्लो द वूजो शेजारी ठेवून “हा मळा असा आहे” असा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. याउलट जव्रे-शांबर्तँमधला क्लो सँ-जाक पाहा. क्षेत्र सुमारे 6.7 हेक्टर, मालक पाच: रूसो, फुरिए, जादो, एस्मोनँ आणि ब्रुनो क्लेर. प्रत्येकाचा पट्टा उताराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत जातो. त्यामुळे एकाच सालाच्या पाच क्लो सँ-जाक ओळीने चाखल्या की जमीन आणि हवामान बव्हंशी समान राहते आणि करणाऱ्याचा हात दिसू लागतो. त्याचा दर्जा कागदोपत्री प्रीमिए क्रूचा असला तरी तुलना शिकण्यासाठी याहून चांगला मळा आम्हाला ठाऊक नाही.

सालांचेही तसेच. 1990 हे उबदार, भरघोस साल, 1993 कडक आणि तुरट, 1996 चढ्या आंबटपणाचे. 2003 मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे काढणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. साले ताडून पाहायची असतील तर मळा आणि उत्पादक एकच ठेवावा. उत्पादकांची तुलना करताना देठांची नोंद हवीच. आँरी जेए देठ पूर्ण काढून टाकत, तर दोमेन द्युजाकने देठांसह अख्खे घड आंबवण्याची पद्धत जपली. वीस-पंचवीस वर्षांनी हा फरक मसाल्याच्या आणि वाळक्या पाल्याच्या गंधात उमटतो. तो ओळखता आला नाही तर देठाचा गंध आपण मळ्याच्या खात्यावर जमा करतो.

आता चाखणाऱ्याकडे वळू. रॉबर्ट हॉजसन यांनी 2008 साली कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांपुढे न सांगता तीनदा ठेवली, तेव्हा तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देणारे परीक्षक दहा टक्क्यांच्या आसपास निघाले. ते सारे अनुभवी लोक होते. हे वाचून कोणी निराश होण्याचे कारण नाही, पण 93 आणि 94 यांतला फरक छातीठोकपणे सांगण्याचा मोह तरी आवरावा. लेबल झाकून चाखणे हा त्यावरचा जुना, प्रामाणिक उपाय. 1980 साली बर्गंडीचे उत्पादक रोबेर द्रूऐं यांनी बोनमध्ये अशी चाचणी घेतली. त्यांची स्वतःची 1959 ची शांबोल-म्युझिनी पहिली आली आणि ऑरेगनच्या आयरी व्हिनयार्ड्सची 1975 ची पिनो न्वार अगदी थोड्या गुणांनी दुसरी. द्रूऐं यांनी तो निकाल मनावर घेतला आणि 1987 साली ऑरेगनमध्ये जमीन घेतली.

बाटलीचा माग ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. 2008 साली न्यूयॉर्कच्या लिलावात रूडी कुर्नियावान या वाइन-विक्रेत्याने दोमेन पोंसोच्या नावाने 1945 ते 1971 या सालांच्या क्लो सँ-देनीच्या बाटल्या आणल्या. पोंसो ही वाइन करू लागले तेच मुळी 1980 च्या दशकात. लोराँ पोंसो यांनी स्वतः जाऊन त्या बाटल्या मागे घ्यायला लावल्या. पुढे कुर्नियावान दोषी ठरला आणि 2014 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तोवर अनेक जाणकारांनी त्याच्या बनावट बाटल्यांची तोंड भरून स्तुती केली होती. जिभेवरचा विश्वास कागदपत्रांची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून पुढच्या अंकापासून या मासिकात जुन्या बर्गंडीचे टिपण पुढील क्रमाने छापले जाईल. आधी बाटली कोठून आली, कशी साठवली होती, बुचाखाली वाइन किती सेंटीमीटर उतरली होती आणि बूच कसे निघाले. मग वाइन उघडताक्षणी, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी कशी होती. गुण सर्वांत शेवटी, आणि तेही दोन बाटल्या चाखल्या असतील तरच. एकच बाटली मिळाली असेल तर वर्णन छापू, गुण छापणार नाही.

वाचकांनीही आपापल्या टेबलावर थोडी शिस्त पाळावी. बाटली किमान एक दिवस आधी उभी करून ठेवा. जुन्या, ठिसूळ बुचासाठी दोन पात्यांचा ओपनर वापरा. डिकँटरची घाई नको. गाळ हलू न देता संथ धारेने थेट ग्लासात ओता. तापमान 15-16 अंश ठेवा. नाजूक वाइन आधी, धट्टीकट्टी नंतर, म्हणजे 2003 च्या पुढे 1993 झाकोळणार नाही. शंका आली तर शंका आहे असेच लिहा. या बाटल्या दरवर्षी कमी होत जाणार आहेत. उरलेल्यांबद्दल आपण जे लिहू ते पुढच्यांना पडताळून पाहता यावे, एवढी जबाबदारी प्रत्येकाने घ्यावी.