शरदातली वाट आणि वाटेवरचे घास

आश्विन लागला की आपल्याकडील कुटुंबांत प्रवासाचे बेत निघू लागतात, हे काही आजचे नव्हे. कालिदासाने रघूस दिग्विजयासाठी घराबाहेर काढले ते शरद ऋतूतच. नद्यांना उतार पडला, वाटांवरचा चिखल सुकला, आणि राजाच्या मनात येण्याच्या आधी ऋतूनेच त्याला निघण्याची सूचना केली, असे रघुवंशाच्या चौथ्या सर्गात वर्णन आहे. मराठ्यांच्या फौजाही दसऱ्याचे सीमोल्लंघन करूनच मुलुखगिरीस बाहेर पडत. आता चिखलाची अडचण उरली नाही, घोड्यांची जागा मोटारीने घेतली, आणि दिग्विजय म्हणावा तर पुण्याहून कोल्हापूर किती तासांत गाठले एवढ्यापुरताच तो शिल्लक आहे. या महिन्यात वाचकांशी त्याच रस्त्याविषयी चार शब्द बोलण्याचा विचार आहे.

पुणे ते कोल्हापूर हे अंतर सुमारे २३० किलोमीटरांचे. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता. हल्ली त्यास ४८ म्हणतात. जुना रस्ता गावांच्या पोटातून जाई, त्यामुळे गाव पाहण्याची इच्छा असो वा नसो, प्रवाशास ते पाहावेच लागे. चौपदरी रस्ता झाला आणि गावे बाजूस पडली. वाई, सातारा, कऱ्हाड ही नावे आता हिरव्या फलकांवर दिसतात आणि क्षणात मागे जातात. बदल्यात वाटेवर मिळते काय, तर मोठमोठ्या उपाहारगृहांची रांग, आणि त्या सर्वांत तीच पंजाबी भाजी, तोच चिनी म्हणविणारा भात. हे अन्न वाईट असते असे माझे म्हणणे नाही. ते कोणत्याच गावचे नसते, एवढेच म्हणणे आहे.

एका अडचणीचा मात्र घराघरांत उच्चार होत नाही, म्हणून येथे तो मुद्दाम करतो. वेगाने पोहोचण्याच्या हौसेचा भार घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांवर पडतो. आमची थोरली वहिनी पंचाहत्तरी ओलांडलेली. नरसोबाच्या वाडीस एकदा जाऊन यावे हा तिचा फार दिवसांचा हेतू. पण निघण्याची वेळ आली की, "तुम्ही जा, मी घरीच बरी," असे म्हणून ती मोकळी होते. कारण विचारता कळले ते असे, की वाटेत थांबवा म्हणण्याचा संकोच वाटतो म्हणून ती आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाही, आणि मग दोन दिवस डोके धरून बसते. गाडी हाकणारा पुतण्या गुणी आहे; पण प्रत्येक थांबा त्यास नुकसानीसारखा वाटतो. "काका, एकदा सुटलो की चार तासांत कोल्हापूर!" हा त्याचा अभिमान. त्यास म्हटले, अरे, चार तासांत पोहोचण्याकरिता जिला घरी ठेवावे लागते, तिच्यासाठीच तर हा प्रवास होता. तेव्हापासून आमच्या घरचा बेत थांब्यांवरून ठरतो, पोहोचण्याच्या वेळेवरून नाही. दीड तासाहून अधिक सलग बसावयाचे नाही, आणि वडील माणसांनी न मागता गाडी थांबावयाची, असा दंडकच आहे.

शिदोरीचाही थोडा विचार करावा. पावसाळ्यात साचलेले पित्त शरदाच्या उन्हात उफाळते, असे आपले वैद्यकग्रंथ सांगतात. या ऋतूत त्यांनी दही, तेलकट पदार्थ, भरपेट जेवण, ऊन आणि दिवसाची झोप वर्ज्य केली आहे. महामार्गावरचा प्रवासी नेमक्या याच पाच गोष्टी ओळीने करतो! उलट दूध, तूप, तांदूळ, मूग, आवळा आणि साखर ही या दिवसांत हितकर मानली आहेत. दुधात भिजवलेल्या दशम्या, मुगाच्या डाळीची खिचडी, मोरावळा एवढे बरोबर घेतले की वृद्ध व मुले दोघांचेही निभते. तिखटामिठाच्या पुऱ्यांस मी विरोध करीत नाही. केल्यास घरात माझे कोणी ऐकणार नाही.

नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. खंबाटकीचा घाट चढून उतरल्यावर सुरूरजवळ उजवीकडे वाईचा फाटा आहे. पहिला थांबा तेथे घ्यावा. वाईस कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपती सर्वांस ठाऊक आहेत. आमचे पाऊल मात्र तेथून जवळच असलेल्या मेणवलीकडे वळते. नाना फडणविसांचा वाडा, खाली नदीचा घाट, आणि घाटावरील देवळात टांगलेली ती भली मोठी घंटा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. शाळेत वसईचा वेढा शिकविताना मुलांच्या चेहऱ्यावर जे कधी उमटत नसे, ते या घंटेखाली उभे राहिल्यावर उमटते. शिदोरी याच घाटाच्या पायऱ्यांवर सोडावी. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली याच वाईत उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला, हे जेवता जेवता मुलांस सांगितले तर पुरे, व्याख्यान नको.

साताऱ्यात कंदी पेढा घ्यावा. खवा तांबूस होईतो परतलेला, गोडीला बेताचा, म्हणून तो वृद्धांसही रुचतो. पण या दिवसांत साताऱ्याचे खरे वैभव पश्चिमेस, यवतेश्वराचा घाट चढून गेल्यावर आहे. कासचे पठार सुमारे बाराशे मीटर उंचीवर असून २०१२ साली सह्याद्रीतील इतर स्थळांसह जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर, त्यामुळे मोठे झाड तेथे मूळ धरू शकत नाही. आणि झाड नाही म्हणूनच फुलांस मोकळे रान मिळते. तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा असे पट्टेच्या पट्टे उलगडलेले असतात. त्यांत एक चिमुकले निळेजांभळे फूल आहे, त्याला लोक सीतेची आसवे म्हणतात. नाव इतके करुण; पण ही वनस्पती कीटकभक्षक आहे. निकस जमिनीत जे पोषण मिळत नाही, ते ती मुळांजवळच्या सूक्ष्म पिशव्यांत जीव अडकवून मिळविते. आमच्या नातीने हे ऐकून विचारले, "मग सीता रडत कशाला होती?" मजजवळ उत्तर नव्हते. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते.

येथे पंचांगाचा एक पेच येतो. पठाराचा बहर भाद्रपदात भरास येतो आणि आश्विन उतरता उतरता ओसरतो. म्हणजे पुष्कळ वेळा तो पितृपक्षातच पडतो, आणि पुष्कळ घरांत त्या पंधरवड्यात कोणी बाहेर पडत नाही. माझे मत विचाराल तर, घरची तिथी यथासांग करावी आणि दुसऱ्या दिवशी खुशाल निघावे. देवीचे घट बसेपर्यंत थांबणाऱ्यांस शेवटची फुले तरी मिळतील, दसऱ्यानंतर जाणाऱ्यांस बहुधा गवतच. बहराच्या दिवसांत माणसे मोजूनच आत सोडतात, तेव्हा आधी नोंदणी केल्यावाचून जाऊ नये. आणि ठरविलेली पायवाट सोडून एकही पाऊल टाकू नये.

कऱ्हाडास कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटाव्या असा प्रकार फार थोड्या ठिकाणी दिसतो. संध्याकाळचा अर्धा तास पुरेसा आहे.

पेठ नाक्याला डावीकडे वळून सांगलीवरून नरसोबाची वाडी गाठता येते. सांगली-जयसिंगपूरचा भडंग वाटेत घ्यावा. गाडीतील मुले तोवर भुकेने कुरकुरू लागलेली असतात. वाडीस कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. पावसाळ्यात पाणी थेट देवळात शिरते आणि उत्सवमूर्ती उंचावर हलवावी लागते. शरदात नदी पुन्हा पात्रात परतते, घाटाच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडतात, आणि खाली उतरून पाण्याला हात लावता येतो. वहिनीने लावला. पुतण्या एका बाजूस आणि मी दुसऱ्या बाजूस होतो. पण शेवटच्या तीन पायऱ्या तिने आमचे हात सोडून एकटीने उतरल्या. नंतर दुकानात बसून तिने वाटीभर बासुंदी संपविली आणि कवठाची बर्फी पदरात बांधून घेतली. पित्ताच्या ऋतूत आटवलेले दूध शास्त्रास संमत आहे असे मी म्हणू लागलो, तो ती म्हणाली, "भावजी, शास्त्र राहू द्या, आणखी एक वाटी सांगा." वाडीकडच्या वांग्यांचे भरीतही प्रसिद्ध आहे, त्यांचा खरा बहर पुढे थंडीत असतो.

कोल्हापुरास नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गर्दी इतकी, की वृद्धांस नेणाऱ्यांनी पहाटेचीच वेळ धरावी. मिसळीची कीर्ती मोठी आहे. तरुणांनी ती जरूर खावी आणि वर सांगितलेले पित्तप्रकरण आठवू नये. मला स्वतःला दसऱ्याच्या सुमारास पेटू लागणाऱ्या गुऱ्हाळांची ओढ अधिक. पूर्वीच्या मानाने ती कमी झाली आहेत, तरी आसपासच्या खेड्यांत विचारीत गेल्यास एखादे सापडतेच. चरकातून निघालेला रस काहिलीत उकळत असतो, त्यात रानभेंडीचा रस घालून मळी वर आणतात व काढून टाकतात, आणि गुळव्या नुसत्या बुडबुड्यांकडे पाहून काहील उतरविण्याचा क्षण सांगतो. त्या विद्येची परीक्षा कोणतेही मंडळ घेत नाही. गूळ घेताना पिवळाधमक पाहून भुलू नये. तो रंग पुष्कळदा औषधे घालून आणलेला असतो. तांबूस, किंचित काळसर ढेप मागावी. गूळ होण्याच्या अलीकडची काकवी मिळाली तर सोडू नये. पोळीबरोबर ती फार चांगली लागते. मात्र काचेच्या बरणीत घेऊ नये. पितळेचा फिरकीचा डबा घरून न्यावा, झाकण घट्ट बसवावे, आणि परतीच्या वाटेवर तो गाडीत सर्वांत स्वस्थ बसणाऱ्या माणसाच्या पायांमध्ये उभा ठेवावा. आमच्या गाडीत ते काम वहिनीकडे असते.