गाडी कुणाच्या नावावर?

मोपाला ताईकडे गेलं की पहिला चहा सोप्यात होतो. गेल्या महिन्यात गेले तेव्हा आमच्या आधीच तिथे एक हवालदार बसलेले होते, पुढ्यात चहा आणि मांडीवर कागद. भावोजींनी चार वर्षांपूर्वी विकलेली जीप बांद्याच्या अलीकडे रस्त्याकडेला सोडून दिलेली सापडली होती. आत दारूचे बॉक्स, चालक पसार. आणि पुस्तकावर नाव अजून भावोजींचंच.

माझ्या सासूबाई सोबत होत्या. सगळं बोलणं ऐकून त्यांनी कन्नडमध्ये एकच प्रश्न विचारला, "गाडी यारदु?" गाडी कुणाची? भावोजी म्हणाले, माझी नाही. हवालदार म्हणाले, तुमचीच. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते, हीच खरी पंचाईत.

जीप एका दलालामार्फत गेली होती. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "नाव मी करून घेतो, तुम्ही नका काळजी करू" असं तो म्हणाला, आणि आपण सगळे असं म्हटल्यावर काळजी करायचं सोडतो.

दारूचं प्रकरण निस्तरता येतं. पण त्या रात्री मला १९९३ सालची मुंबई आठवली. १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. स्फोटकं भरायला वापरल्या होत्या त्या रोज आपल्या शेजारी उभ्या असतात तशाच गाड्या, स्कूटर, जीप, मोटारी. त्याच दिवशी वरळीला एक मारुती व्हॅन शस्त्रांसकट सोडून दिलेली सापडली. नंबरावरून नाव निघालं ते मेमन कुटुंबातल्या एका बाईचं, आणि पोलीस माहीमच्या घरापर्यंत पोचले. तपासाला वाट मिळाली ती एवढ्याशा नोंदीतून. त्याआधी, जानेवारीत, रायगडच्या किनाऱ्यावर उतरलेला माल घेऊन निघालेले ट्रक पोलिसांनी अडवलेही होते. पैसे घेऊन सोडून दिले. पुढे त्या पोलिसांना शिक्षा झाली, पण ट्रक तर केव्हाच पोचले होते.

२००८ साली कागदाचा प्रश्नच आला नाही. 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट समुद्रात पळवली, तांडेलाला मारलं, आणि ओळखीच्या बोटीच्या आडोशाने दहा जण मुंबईजवळ आले. शहरात उतरल्यावर करकरे, कामटे, साळसकर ज्या क्वालिसमध्ये होते ती पोलिसांचीच गाडी घेऊन दोघे पळाले. तिचा टायर गेल्यावर रस्त्यावरची एक स्कोडा बळकावली. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत ती स्कोडा अडली आणि तुकाराम ओंबळ्यांनी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली. नाकाबंदी म्हटलं की आपण खिडकीची काच खाली करताना कुरकुरतो. मीही कुरकुरते.

त्यानंतर किनाऱ्यावर बरंच बदललं. मच्छीमारांना ओळखपत्रं आली, बोटींची नोंदणी कडक झाली, राज्याराज्याच्या बोटींना वेगवेगळे रंग ठरले, 'सागर कवच' नावाच्या कवायती सुरू झाल्या. रंग लावायला पैसे कुणी द्यायचे, ही कुरबुर रापणकारांकडून ऐकावी.

बाहेरच्या जगात तर गाडीनेच लढाया फिरवल्या आहेत. १९८७ साली चाड देशाच्या सैनिकांनी टोयोटाच्या उघड्या पिकअपवर क्षेपणास्त्रं चढवून लिबियाच्या रणगाड्यांना वाळवंटात पळवून लावलं. त्या लढाईला टोयोटाचंच नाव पडलं. पुढे इसिसकडे तशाच गाड्यांचे ताफे दिसले, तेव्हा २०१५ साली अमेरिकेच्या अर्थखात्याने कंपनीकडे विचारणा केली, की ह्या तिकडे गेल्या कशा? आणि त्याच वर्षी इराकच्या पंतप्रधानांनी कबूल केलं की मोसूल पडताना आपल्या फौजेच्या २३०० हमवी गाड्या गमावल्या. म्हणजे दुकानदाराला जाब विचारायचा आणि स्वतःच्या कोठाराचं दार उघडंच! मग त्याच गाड्यांवर विमानांतून बॉम्ब टाकायची पाळी येते.

आपल्या गडचिरोलीत याची उलटी बाजू दिसली. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं जाळली. त्या जाळपोळीकडे शीघ्र कृती दलाचे जवान एका खासगी वाहनातून निघाले आणि जांभूळखेड्याजवळ सुरुंगाने ती गाडी उडवली. पंधरा जवान आणि चालक. जाळलेली वाहनं हा सापळा ठरला. ज्या रस्त्याची तपासणी झालेली नाही तिथे पायी जावं, हे तिथल्या जवानांना शिकवलेलं असतं. पण घाई असते, वरून फोन येतो, गाडी दारात उभी असते.

मोपाहून पत्रादेवी जवळच. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही तिथून हद्दीत शिरले ते चालत, आणि गोळ्या झेलल्या त्याही चालतानाच. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उडवले, भारतीय फौजेच्या गाड्या अडाव्यात म्हणून. आज त्याच माळावर ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात आणि तीन राज्यांच्या नंबरपाट्या एका रांगेत उभ्या असतात.

भावोजींचं पुढे काय झालं ते सांगते. कायदा स्पष्ट आहे. त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं. परराज्यात गेली तर ना हरकत दाखल्यासह पंचेचाळीस दिवसांत. नोंदीत नाव ज्याचं तोच मालक, असं २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात सांगितलं. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत दलालाकडे गाडी सोपवली की तेही ऑनलाइन कळवता येतं. भावोजींचा व्यवहार त्याआधीचा, आणि त्यांच्याकडे होती फक्त वहीत लिहिलेली रक्कम. शेवटी बँकेच्या पासबुकात पैसे आल्याची तारीख मिळाली आणि जबाब नोंदवून सुटका झाली. दलालाचा फोन अजून लागत नाही.

परतताना चोर्ल्याच्या घाटात सासूबाई गप्प होत्या. घरी आल्यावर ट्रंक उघडून त्यांनी एक मळकं पुस्तक माझ्या हातात दिलं. आमची स्कूटर. माझा मुलगा रोज कॉलेजला नेतो. हेसरु अजून मामंजींचं, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. खरं तर तीन महिन्यांत करायचं काम. सोमवारी आरटीओत जाऊन एकतीस नंबरचा फॉर्म आणला. वारसांच्या सह्यांसाठी धाकटे दीर हुबळीहून यायचे आहेत.