शिल्लक पुढे ओढताना

सी. ए. अंतिम परीक्षेच्या एका गटात एका कापडव्यापाऱ्याच्या मुलास ६२, ५२ आणि ३८ गुण मिळाले. बेरीज १५२, म्हणजे निम्म्याहून अधिक. तरीही तो अनुत्तीर्ण, कारण प्रत्येक विषयात किमान ४० गुण आवश्यक असतात. गिऱ्हाईक निकाल विचारील, या धास्तीने तो दुकानात येईनासा झाला.

वडिलांनी गुणपत्रिका खतावणीसारखी वाचली. साठ वा अधिक गुणांच्या विषयास पुढील तीन परीक्षांपर्यंत सूट मिळते. ते म्हणाले, “अरे, बासष्टची शिल्लक पुढे ओढली आहे. आता दोनच विषय उरले. एका खात्यातील तोट्यासाठी कोणी पेढी बंद करीत नाही.”

दुसऱ्या दिवशी मुलाने अडतीस गुणांच्या विषयाचेच पुस्तक प्रथम उघडले. वहीत न मांडलेला तोटा कधी भरून निघत नाही.